दोन-चार देशांतून वाहणाऱ्या नद्या: दुसऱ्या खोऱ्यांकडून नक्की शिकायचं काय?

जलरेषा

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय आंतरराष्ट्रीय संबंध, आणि प्रबंधासाठी सामायिक नद्या घेतल्यात, म्हणजे दोन किंवा जास्त देशांतून वाहणारी नदी आणि तिचा कारभार सगळ्यांनी मिळून कसा बघायचा हा प्रश्न. जगात अशी तीनशेच्या वर खोरी आहेत त्यामुळे वाचायला काही कमी नाही, उलट वाचून वाचून डोकं बधिर झालंय, कारण कुठलाही अहवाल उघडा, शेवटच्या प्रकरणात तेच ते. परस्पर विश्वास वाढवावा, माहितीची देवाणघेवाण व्हावी, सर्व घटकांना सामावून घ्यावं, यशस्वी खोऱ्यांकडून धडे घ्यावेत. अहो पण कसं? विश्वास वाढवायचा म्हणजे नक्की कोणी उठून काय करायचं, पैसे कोणी द्यायचे, आणि समोरचा देश ऐकतच नसेल तर पुढे काय, हे कुठे सापडत नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. जिथे सहकार्य खरंच चाललं तिथे ते कशामुळे चाललं, करार चांगला होता म्हणून की आणखी काही कारण होतं? आणि ऱ्हाईनचं उदाहरण जो तो देतो, पण ते सगळे श्रीमंत, शेजारी, बहुतेक युरोपियन युनियनवाले देश, तिथलं उचलून दुसरीकडे लावता येतं का? माझे गाईड म्हणतात प्रत्येक खोरं वेगळं, तुलना करायच्या फंदात पडू नकोस. मला ते पटत नाही पण त्यांना काय उत्तर द्यायचं तेही सुचत नाही. कोणी या विषयात काम केलं असेल किंवा वाचलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लांब प्रतिसाद चालेल.

---

उलटा_प्रवाह

ऱ्हाईनबद्दल मी लिहितो, कारण तिचं उदाहरण देणारे बहुतेक जण फक्त शेवट सांगतात की नदी स्वच्छ झाली, सॅल्मन मासा परत आला. मधली चाळीस-पन्नास वर्षं कोणी सांगत नाही आणि शिकण्यासारखं सगळं तिथेच आहे.

नदीचं प्रदूषण रोखायला काढलेला ऱ्हाईन आयोग स्थापन झाला १९५० मधे, स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स असे पाच देश. त्याला कायदेशीर पाया देणारा बर्नचा करार व्हायला १९६३ उजाडलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं या लोकांनी मुख्यतः एकच काम केलं, पाणी तपासलं. तपासायची पद्धत सगळ्यांची सारखी करायची, ठरलेल्या ठिकाणी नमुने घ्यायचे आणि आकडे एकत्र छापायचे. नदी त्या काळात सुधारली नाही, उलट आणखी बिघडली, युरोपचं गटार म्हणायचे तिला. तरी ते काम वाया गेलं असं म्हणता येणार नाही, पुढे येतोच त्यावर.

त्याच काळातलं अल्सासच्या पोटॅश खाणींचं प्रकरण जरूर वाचा, प्रबंधात एक अख्खं प्रकरण होईल. अल्सास म्हणजे फ्रान्सचा जर्मनीला लागून असलेला भाग. तिथल्या सरकारी खाणींतून पोटॅश, म्हणजे खतासाठी लागणारं खनिज, काढल्यावर उरलेलं मीठ सरळ नदीत सोडलं जायचं, आणि खाली नेदरलँड्समधे पाणीपुरवठा कंपन्या आणि ग्रीनहाऊसमधे पिकं घेणारे शेतकरी हैराण व्हायचे कारण पाणी खारट. वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि १९७६ मधे करार झाला की मीठ टप्प्याटप्प्याने कमी करायचं आणि त्याचा खर्च चार देशांनी वाटून घ्यायचा. फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३० टक्के, नेदरलँड्स ३४ टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के. आता हे आकडे नीट बघा. सगळ्यात मोठा वाटा त्या देशाने उचलला ज्याला त्रास होत होता आणि जो सगळ्यात खाली होता. "प्रदूषण करेल तो भरेल" हे तत्त्व तिथे सरळ बाजूला ठेवलं गेलं, कारण डच लोकांना तत्त्वापेक्षा पाणी गोड होण्याची घाई होती.

आणि एवढं करूनही काय झालं? मीठ जमिनीत खोल सोडायची योजना होती, त्याला अल्सासमधल्या लोकांनीच विरोध केला, फ्रेंच सरकारने करार संसदेतून मागे घेतला, नेदरलँड्सने १९७९ मधे पॅरिसमधला आपला राजदूत माघारी बोलावला. शेजारी, मित्र, एकाच युरोपियन समुदायातले देश आणि प्रकरण राजदूतापर्यंत गेलं. तो करार लागू व्हायला १९८५ उजाडलं. तेव्हा "ते युरोपियन आहेत म्हणून त्यांना जमलं" असं कोणी म्हणालं की हे प्रकरण पुढे करा.

मग १ नोव्हेंबर १९८६. बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं, पारा आणि लाल रंग घेऊन नदीत उतरलं. नदी लाल झाली, खाली शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले, नळाचं पाणी बंद करावं लागलं. लोक रस्त्यावर आले आणि वर्षभरात सगळ्या देशांच्या मंत्र्यांनी मिळून ऱ्हाईन कृती कार्यक्रम मंजूर केला, १९८७ मधे. आता यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा कार्यक्रम कायद्याने बंधनकारक नव्हता. मंत्र्यांनी दिलेला शब्द, बस्स. उद्दिष्टं साधी होती, घातक रसायनं १९९५ पर्यंत निम्मी करायची आणि २००० पर्यंत सॅल्मन परत यायला पाहिजे. कसं करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण किती झालं ते सगळ्यांसमोर सांगायचं. बंधनकारक मीठ करार नऊ वर्षं लटकला आणि हा नुसता शब्द बऱ्याच बाबतीत मुदतीआधी पाळला गेला.

तुम्ही विचारलंत ना की करार चांगला होता म्हणून चाललं का, तर माझं मत असं की आगीमुळे राजकीय धक्का मिळाला हे खरं, पण त्या दिवशी पस्तीस वर्षांचे सामायिक आकडे, एकमेकांना नावाने ओळखणारे केमिस्ट आणि इंजिनियर, आणि बसायला तयार टेबल होतं. ते नसतं तर मंत्री आले असते, निषेध केला असता आणि गेले असते. म्हणून ती कंटाळवाणी तपासणीची वर्षं मला मोलाची वाटतात. आजही बाझलच्या खाली वाइल आम ऱ्हाईनला जर्मनी आणि स्वित्झर्लंड मिळून एक तपासणी केंद्र चालवतात, काही वेगळं सापडलं की खालच्या देशांना इशारा जातो, आणि तो प्रदूषणाचा पट्टा कुठल्या शहरापाशी कधी पोचेल हे सांगणारं मॉडेलही त्यांनी मिळूनच बसवलंय.

अजून एक. आयोगाचं सचिवालय जर्मनीत कोब्लेंझला आहे पण त्याचा प्रमुख परंपरेने डच असतो. सगळ्यात खालच्या देशाचा माणूस, कारण वरून येणारं सगळं शेवटी त्याच्या दारात येतं, तो ढिला पडणार नाही. हे दुसऱ्या कुठल्याही खोऱ्याला उचलता येईल आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सॅल्मनबद्दल एवढंच की तो परत आला हे खरं पण अजून पिल्लं सोडावी लागतात, आणि वरच्या ऱ्हाईनवरच्या सगळ्या धरणांवरून मासे वर जाण्याची सोय अजून पूर्ण झालेली नाही. अहवालात हे बारीक अक्षरात असतं.

---

दक्षिणवारा

उलटा_प्रवाह, प्रतिसाद जबरदस्त. मीठ कराराचे टक्के माहीत नव्हते.

पण जलरेषाताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी युरोपच्या बाहेर पडा आणि पश्चिम आफ्रिकेतली सेनेगल नदी बघा. तिथे माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या तीन देशांनी १९७२ मधे ओएमव्हीएस नावाची संघटना काढली. साहेलचा, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला, भयंकर दुष्काळ चालू होता, तिघेही गरीब, नुकतेच स्वतंत्र झालेले. आणि यांनी जे केलं ते ऱ्हाईन आयोगानेही कधी केलं नाही, यांनी धरणंच सामायिक मालकीची केली. मनंताली धरण पूर्णपणे मालीच्या हद्दीत आहे पण मालक तिघे. समुद्राजवळचं दियामा धरण, तेही तिघांचं. १९७८ च्या करारात लिहून ठेवलंय आणि कर्जाची हमीही मिळून दिलेली.

मनंतालीच्या खर्चाची वाटणी कशी केली तर कोणाला किती फायदा यावरून. सेनेगल ४२.१ टक्के, माली ३५.३, मॉरिटानिया २२.६. वीज मात्र वेगळ्या प्रमाणात, मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३, मॉरिटानियाला १५. पहिल्यांदा बघितलं की वाटतं मालीला निम्म्याहून जास्त वीज आणि खर्च फक्त एक तृतीयांश, हा कुठला न्याय? पण खालच्या भागात सिंचनाची जमीन सेनेगलकडे जास्त, म्हणून तिथला फायदा त्यांच्या खात्यात मोठा धरला. म्हणजे पाणी, वीज आणि बोटींची वाहतूक हे सगळं एकत्र मांडून हिशोब केला, नुसतं पाणी वाटत बसले नाहीत. नुसत्या पाण्याच्या वाटणीत एकाला मिळालं की दुसऱ्याचं गेलं, तिथे भांडणाशिवाय काही होत नाही.

१९८९ मधे सेनेगल आणि मॉरिटानियामधे भीषण हिंसाचार झाला, राजनैतिक संबंध तुटले, सीमा बंद झाल्या. ओएमव्हीएस बंद पडली नाही. दोघांचेही पैसे आणि कर्ज एकाच भिंतीत अडकलेले असताना टेबलावरून उठून जाणं महाग पडतं, हे माझं वाचन.

आणि गिनी, जिथे नदी उगम पावते, तो देश आधीच्या संघटनेत होता पण सेनेगलशी बिनसलं आणि १९७२ मधे बाहेरच राहिला. बाकी तिघे त्याच्यासाठी थांबले नाहीत. दार उघडं ठेवलं, गिनी २००६ मधे आला. सगळे देश आल्याशिवाय सुरुवातच करायची नाही असं जे म्हणतात त्यांच्यासाठी हे.

---

पाणकावळा

वर दोघांनीही छान लिहिलंय पण मला जरा दुसरी बाजू मांडायचीये नाहीतर प्रबंध फारच गुलाबी होईल.

आग्नेय आशियातली मेकाँग घ्या. १९५७ पासून समिती आहे, म्हणजे अनुभव काही कमी नाही. १९९५ मधे थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनामने करार करून मेकाँग नदी आयोग काढला. सचिवालय आहे, तज्ज्ञ आहेत, जगभरातून पैसा येतो, अभ्यास तर एवढे झालेत की कपाटं भरतील. करारात सोय आहे की मुख्य प्रवाहावर धरणासारखं काही करायचं तर आधी बाकीच्यांशी सल्लामसलत करायची, सहा महिने. आणि त्याच करारात हेही आहे की कोणाला नकाराधिकार नाही आणि कोणाला एकतर्फी करायचाही हक्क नाही. वाचायला समतोल वाटतं पण मतभेद झाले तर करायचं काय? ते सरकारांनी बघावं.

लाओसने २०१० मधे सायाबुरी धरणाचा प्रस्ताव दिला, ही या तरतुदीची पहिली परीक्षा. कंबोडिया, व्हिएतनाम म्हणाले अजून अभ्यास हवा. एकमत झालं नाही. २०१२ मधे बांधकामाची रीतसर सुरुवात झाली आणि २०१९ पासून धरण वीज देतंय, आणि ती वीज जाते थायलंडला, जो स्वतः आयोगाचा सदस्य आहे. म्हणजे वीज विकत घेणारा, बांधणारा आणि ज्यांचे मासे जाणार ते सगळे एकाच टेबलावर होते आणि तरी हे झालं. आयोगाच्या तज्ज्ञांनी जे आक्षेप घेतले त्यामुळे मासे जाण्याच्या वाटा आणि गाळ सोडायचे दरवाजे यांच्या आराखड्यात बदल झाले, तेवढं श्रेय द्यायला हवं. पण धरण बांधायचं की नाही हा प्रश्न आयोगाच्या हातात कधीच नव्हता.

कंबोडियातल्या टोनले सापचं, म्हणजे तिथलं मोठं तळं आणि त्याला मेकाँगशी जोडणारी त्याच नावाची नदी यांचं, उदाहरण बघा म्हणजे काय पणाला लागलंय ते कळेल. पावसाळ्यात मेकाँग एवढी फुगते की टोनले साप नदीचा प्रवाह उलटा फिरतो, पाणी तळ्याकडे जातं, तळं कितीतरी पटीने पसरतं, बुडालेल्या जंगलात मासे वाढतात आणि पाणी ओसरलं की ते परत मुख्य नदीत येतात. कंबोडियाच्या लोकांचं बरंचसं प्रोटीन त्यातून येतं. १९९५ च्या करारात हा उलटा प्रवाह टिकेल इतकं पाणी राहिलं पाहिजे असं कलमच आहे. पण पूर किती यायचा आणि कधी यायचा हे आता वरच्या धरणांच्या दरवाज्यांवरही ठरतं, आणि त्यातली मोठी धरणं चीनमधे आहेत. चीन आयोगाचा सदस्य नाही, म्यानमार पण नाही, दोघे फक्त संवाद भागीदार. २००२ पासून चीन पावसाळ्यातली पाणीपातळी कळवायचा. खालच्या देशांना कोरड्या महिन्यांतल्या आकड्यांसाठी २०२० पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा कुठे वर्षभराचे आकडे द्यायचं ठरलं.

दक्षिणवारा यांनी सेनेगलचं कौतुक केलं पण दियामा धरणामुळे काय झालं ते राहिलं. समुद्राचं खारं पाणी वर यायचं थांबलं, पाणी गोडं आणि संथ झालं, त्यात गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्यामार्फत पसरणारा बिल्हार्झिया रोग सेनेगलमधल्या रिशार-तोल भागात भयानक पसरला. पाणकणसाने नदीचे काठ भरले. आणि पूर ओसरल्यावर ओल्या गाळात पेरणी करणारे, म्हणजे गाळपेर करणारे शेतकरी, त्यांचा पूरच गेला. तीन सरकारांचं सहकार्य उत्तम होतं आणि त्या उत्तम सहकार्यातूनच हे झालं. तेव्हा "सहकार्य" म्हणजे आपोआप चांगलं असं धरून चालू नका एवढीच विनंती.

---

जलरेषा

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. पाणकावळा, तुमचा मुद्दा मला फार लागला, मी खरंच यश म्हणजे करार टिकणं असंच धरून चालले होते.

आता एक विचारते. उलटा_प्रवाह म्हणतात सामायिक आकडे हा पाया, आणि मेकाँगकडे तर आकड्यांचा ढीग आहे तरी अडलं. मग आकडे एकत्र करण्यात नक्की एवढं काय असतं? मला वाटायचं एकाने ईमेल करायची आणि दुसऱ्याने वाचायची. आणि ज्यांच्याकडे ना ऱ्हाईनसारखा पैसा ना सेनेगलसारखं मोठं धरण, अशांनी सुरुवात कुठून करायची?

---

रात्रपाळी

पूरनियंत्रण कक्षात बरीच वर्षं काढलीत म्हणून आकड्यांवर मी बोलतो, बाकी राजकारण तुम्ही लोक बघा.

ईमेलने भागत नाही. नदीच्या काठी पट्टी असते त्यावर पाण्याची पातळी वाचायची, हे सोपं काम. पण पातळी म्हणजे विसर्ग नाही. कुठल्या पातळीला किती पाणी जातंय यासाठी बोटीतून किंवा पुलावरून वेग मोजून एक वक्र तयार करावा लागतो आणि मोठा पूर येऊन गेला की नदीचा तळ बदलतो, गाळ साचतो किंवा खरवडून जातो, मग तो जुना वक्र चुकीचा आकडा देतो. आता सीमेच्या अलीकडे एक खातं, पलीकडे दुसरं, एकाने या वर्षी नवीन वक्र केला, दुसऱ्याचा जुनाच, तर त्याच दिवशी त्याच नदीचे दोन विसर्ग निघतात आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात. त्यात पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून कुठे धरला हे दोन्हीकडे वेगळं, एक सकाळी आठला वाचतो दुसरा सहाला, घड्याळं पण वेगवेगळ्या देशांची. हे सगळं जुळवायला माणसं एकत्र बसावी लागतात, एकमेकांच्या केंद्रावर जावं लागतं, एकाच बोटीतून मोजावं लागतं. गंगेच्या १९९६ च्या भारत-बांगलादेश करारात म्हणूनच संयुक्त पथकं आहेत, भारतात फराक्का आणि बांगलादेशात हार्डिंज पूल इथे जानेवारी ते मे रोजचं मोजमाप दोन्हीकडची माणसं करतात. वाटणी दर दहा दिवसांनी ठरते. पाणी ७०,००० क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं निम्मं, ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५,००० आणि उरलेलं भारताला, त्याच्यावर असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेलं बांगलादेशला. आता असं सूत्र कागदावर लिहिलं तरी आकडाच दोघांना मान्य नसेल तर दर दहा दिवसांनी भांडण होईल की नाही? त्या करारावर टीका करायला खूप जागा आहे, पण हा भाग मला पक्का वाटतो.

गरीब खोऱ्यांनी कुठून सुरुवात करायची, तर माझं उत्तर इशारा. वरच्याने पाणी सोडायच्या आधी खालच्याला कळवायचं. यात कोणाचा थेंबभर पाण्यावरचा हक्क जात नाही त्यामुळे कोणाला नाही म्हणता येत नाही. व्हिएतनामच्या याली धरणातून सेसान नदीत न सांगता पाणी सोडलं जायचं तेव्हा खाली कंबोडियात माणसं, गुरं, बोटी वाहून गेल्या होत्या. आणि उलट उदाहरण, जानेवारी २००० मधे रुमानियात बाया मारेला खाणीचा बांध फुटून सायनाइडचं पाणी नदीत गेलं, तिथून तिस्सा, मग डॅन्यूब. मासे भयानक मेले. पण डॅन्यूबच्या देशांनी आधीच बसवलेली इशारा यंत्रणा चालली, खालच्या देशांना वेळेत कळलं म्हणून त्यांनी पाणी उचलणं थांबवलं. डॅन्यूबच्या खोऱ्यात १९ देश आहेत, त्यांचं सगळ्याच गोष्टींवर एकमत असेल असं समजू नका. पण रात्री दोन वाजता कोणाला कळवायचं हे लिहून ठेवलेलं होतं, आणि तिकडे उचलणाराही होता. ते नसेल तर कितीही चांगला करार असो, रात्री दोन वाजता त्याचा उपयोग नाही.

---

उलटा_प्रवाह

रात्रपाळी यांच्या मुद्द्याला जोडून साव्हा नदी. जलरेषा, तुमच्या गाईडना हेच सांगा. साव्हा ही एकाच देशाची, युगोस्लाव्हियाची नदी होती. देश फुटला, नव्वदच्या दशकात युद्ध झालं, आणि नदी अचानक आंतरराष्ट्रीय झाली. पूल पडलेले, काठावर सुरुंग, कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारी माणसं. २००२ मधे स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोविना आणि तेव्हाचा युगोस्लाव्हिया यांनी मिळून करार केला, २००४ मधे लागू झाला, आयोगाचं ऑफिस झाग्रेबला. सुरुवात त्यांनी जलवाहतुकीपासून केली, कारण बोटी परत चालू व्हाव्यात यात सगळ्यांचाच फायदा होता आणि त्यात भूतकाळ उकरावा लागत नव्हता. मग हळूहळू पूर, पाण्याचा दर्जा, आकडे. मे २०१४ मधे तिथे अतिभयंकर पूर आला आणि २०१८ पासून पाच देश (युगोस्लाव्हियाच्या जागी आता सर्बिया आणि माँटेनेग्रो) मिळून पूर अंदाजाची एकच यंत्रणा चालवतात. ना ते श्रीमंत होते ना मित्र.

---

मुळारंभ

उशिरा आलो, तरी दोन नद्यांबद्दल थोडं.

सिंधू करार १९६०. नेहरू, अयूब खान आणि मधे जागतिक बँक. तीन पूर्वेकडच्या नद्या भारताला, तीन पश्चिमेकडच्या पाकिस्तानला, आणि पूर्वेकडच्या नद्यांचं पाणी गेलं त्याच्या बदल्यात पाकिस्तानात पश्चिमेकडच्या नद्यांतून पाणी आणणाऱ्या कालव्यांसाठी भारताने ६ कोटी २० लाख पौंडांच्या आसपास रक्कम दहा हप्त्यांत दिली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही करार चालू राहिला म्हणून जगभर त्याचं नाव झालं आणि एप्रिल २०२५ मधे भारताने तो स्थगित केला. राजकारण बाजूला ठेवून अभ्यास म्हणून बघितलं तर तो नद्या वाटून घ्यायचा करार होता, नदी एकत्र सांभाळायचा नव्हता. भूजल त्यात नाही, बदलतं हवामान नाही, आणि सेनेगलसारखं दोघांचं काही एकत्र अडकलेलंही नाही. टिकाऊपणा हा एकच निकष लावला तर असे करार पहिल्या नंबरात येतात आणि सहकार्य किती झालं हे कळतच नाही.

दुसरी कोलंबिया, कॅनडा आणि अमेरिका. १९६४ मधे लागू झालेला करार. कॅनडाने वर धरणं बांधून पूर अडवायचा, बदल्यात अमेरिकेने ६ कोटी ४४ लाख डॉलर आणि खाली जी जादा वीज तयार होईल तिचा निम्मा वाटा द्यायचा. फायदा वाटून घेण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. पण त्या करारात मासे नाहीत आणि नदीकाठचे आदिवासी समाज नाहीत. कॅनडाच्या खोऱ्यातली दोन हजारांहून जास्त माणसं उठवली गेली, आणि त्या भागाला फायद्याचा वाटा मिळावा म्हणून निधी उभा राहिला १९९५ मधे. मात्र पूरनियंत्रणाच्या तरतुदीला ६० वर्षांची मुदत होती, २०२४ मधे ती संपणार हे दोघांना माहीत होतं, म्हणून २०१८ पासून बोलणी सुरू करावी लागली आणि या वेळी कॅनडाच्या बाजूने आदिवासी राष्ट्रांचे प्रतिनिधी सोबत होते. करारात मुदत असणं हे मला म्हणून चांगलं वाटतं. गंगा करारालाही ३० वर्षांची मुदत आहे, डिसेंबर २०२६ पर्यंत. तुमचा प्रबंध त्याच काळातला, तेव्हा हा भाग सोडू नका.

लहान खोऱ्यांचंही वाचा. मध्य आशियात चू आणि तलास नद्यांवर किर्गिझस्तानमधे धरणं आहेत आणि पाणी कझाकस्तानलाही जातं. २००० च्या करारानुसार त्या धरणांच्या देखभालीच्या खर्चात कझाकस्तान वाटा देतं, जेवढं पाणी मिळतं त्या प्रमाणात. बातम्यांत कधी येत नाही, पण चालतंय.

---

जलरेषा

मी आता प्रकरणांची रचनाच बदलतेय. आधी तत्त्वं, मग उदाहरणं असं होतं. त्याऐवजी प्रत्येक खोऱ्याला तेच प्रश्न विचारणार, मोजतं कोण आणि तो आकडा दुसऱ्याला मान्य आहे का, खर्च कोण कशाच्या हिशोबाने देतं, वरच्याने काही केलं तर खालच्याला कळतं कधी, आणि मतभेद झाला तर पुढे जायची वाट कुठे आहे. गाईडना हेच दाखवणार, खोरी वेगळी असली तरी प्रश्न तेच विचारता येतात. ऱ्हाईन, सेनेगल, मेकाँग, साव्हा एवढी चार घेते, कोलंबिया आणि गंगा मुदतीच्या मुद्द्यापुरत्या.

---

पाणकावळा

छान. त्यात अजून एक प्रश्न घाला, टेबलावर कोण नव्हतं. सेनेगलचे गाळपेरवाले, कोलंबियाचे आदिवासी, टोनले सापचे कोळी, यांच्यापैकी कोणालाच मूळ करार करताना विचारलं गेलं नव्हतं आणि तिन्ही ठिकाणी बिल त्यांच्याच नावावर फाटलं.

आणि सेनेगलचं नाव काढलं की हेही वाचा, २००२ मधे त्यांनी जलसनद केली. त्यात पाणी देशांना ठरावीक घनमीटरमधे वाटायचं नाही तर वापरांमधे वाटायचं, म्हणजे शेती, वीज, पिण्याचं पाणी, मासेमारी, पर्यावरण, असं लिहिलंय, आणि मनंतालीतून मुद्दाम पूर सोडण्याचीही तरतूद आहे, गाळपेर आणि कुरणांसाठी. वीज कंपनीला ते पाणी टर्बाइनमधून जायला हवं असतं त्यामुळे दरवर्षी त्यावर ओढाताण होते. त्या ओढाताणीचे कागद मिळाले तर बघा, कुठल्या वर्षी पूर सोडला, कुठल्या वर्षी नाही आणि निर्णय कोणी घेतला. फ्रेंच वाचणारं कोणी ओळखीचं असेल तर आत्ताच गाठा, बहुतेक सगळं फ्रेंचमधे आहे.